एकट्याने कनू चालवताना मागच्या बाकावर बसू नका

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या तळ्यांवरचा प्रवासलेख वाचला. पहाटेचं धुकं, लून पक्ष्याची ती काळजाला हात घालणारी हाक, पाण्यात उलट्या उभ्या राहिलेल्या पाइनच्या रांगा, हे सगळं लेखिकेने फार मनापासून लिहिलं आहे. मी त्याच मुलखात, पीटरबरो गावात, १९९९ पासून राहते. त्यामुळे माझंच अंगण कुणीतरी मला दाखवतंय असं वाचताना वाटत होतं. मग पान उलटलं, मोठा रंगीत फोटो समोर आला आणि माझ्या पोटात गोळा आला.

फोटोत लेखिका एकट्याच आहेत. सोळा फुटांची, दोन बाकांची लाल कनू, म्हणजे वल्ह्याने चालवायची उघडी, निमुळती होडी. त्या मागच्या बाकावर बसल्या आहेत, पुढचा बाक रिकामा आहे आणि होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक, पाण्यापासून चांगली वीतभर वर उचललेली आहे. लाइफ जॅकेट अंगात नाही, बसायला उशी म्हणून खाली घेतलेलं दिसतं. आणि फोटोखालच्या चौकटीत वाचकांना सल्ला दिला आहे की एकट्याने जायचं असेल तर मागच्या बाकावर बसा, होडीला दिशा मागूनच देता येते, शिवाय एकाचंच वजन असल्याने ती हलकी चालते.

ह्या चौकटीसाठी मी हे पत्र लिहिते आहे. लेखिकेवर माझा अजिबात राग नाही. त्यांनी जे केलं तेच मी २००३ साली केलं होतं आणि तेव्हा मलाही ते अगदी बरोबर वाटलं होतं. दोघं जण कनूत असले की मागचा माणूस दिशा देतो आणि पुढचा जोर लावतो. मग एकटं असताना दिशा देणाऱ्याच्या जागी बसावं, असं कुणालाही वाटणारच.

मे महिन्याचा पहिला आठवडा होता. आमच्याकडे कावार्था भागातल्या तळ्यांवरचा बर्फ एप्रिलमध्ये जातो आणि मेमध्ये ऊन पडलं की माणसं वेड्यासारखी पाण्याकडे धावतात. हवा छान उबदार असते. पाणी मात्र नुकतंच बर्फाखालून बाहेर आलेलं असतं, हे लक्षात येत नाही. आम्ही एक कनू भाड्याने घेतली. सकाळी मी आणि माझे यजमान दोघं फिरून आलो. होडी कशी सरळ, आज्ञाधारक चालली होती! दुपारी ते मुलीबरोबर काठावर थांबले आणि मी म्हटलं, मी जरा एकटीच जाऊन येते. मालवणजवळच्या देवबागची मुलगी मी, खाडीच्या पाण्यात वाढलेली. मला कसली भीती?

मागच्या बाकावर बसले. निघताना वारा नव्हता, सगळं ठीक होतं. नाळ वर आहे हे दिसत होतं, पण त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट होडी ऐटीत चालल्यासारखी वाटली. तळ्याच्या मध्याच्या जरा पुढे गेले असेन तेव्हा वारा सुटला. फार नाही, आपल्याकडे संध्याकाळी खाडीवर येतो तेवढाच. नाळ डावीकडे वळायला लागली. मी उजवीकडे वळवायला वल्हं मारलं, ती थोडी आली आणि परत फिरली. मी जोर वाढवला. नाळेखाली लाटा थाप थाप वाजत होत्या आणि होडी मला विचारल्याशिवाय वाऱ्याच्या दिशेने, म्हणजे मी निघाले त्या काठाच्या बरोबर उलट्या बाजूला, चालली होती. दहा मिनिटं मी झगडले. खांदे भरून आले. मग मला सुचलं की आपण पुढे सरकलं पाहिजे. सुचलं ते बरोबर होतं, केलं ते चूक. मी उठून उभी राहिले.

पुढचं सांगायला नको. पाण्यात पडल्यावर पहिली गोष्ट होते ती म्हणजे श्वास आपला राहत नाही. छाती आपोआप हापके मारायला लागते. लाइफ जॅकेट अंगात होतं, चेन लावलेली होती, म्हणून तोंड पाण्यावर राहिलं. होडीला धरून राहिले. थोड्या वेळाने बोटं मिटेनात. काठ हातात आहे हे दिसत होतं, पण हाताला कळत नव्हतं. मोटरबोटीतून एक म्हातारं जोडपं आलं आणि त्यांनी मला वर ओढलं. त्यांची नावंही मी धडपणे विचारू शकले नाही, दात इतके वाजत होते.

मॅनिटोबा विद्यापीठातले डॉ. गॉर्डन गीसब्रेक्ट यांनी थंड पाण्याबद्दल एक साधा हिशोब लोकांना शिकवला आहे: एक, दहा, एक. श्वास ताब्यात आणायला एक मिनिट. हातपाय उपयोगाचे राहतात ती दहा मिनिटं. आणि थंडीने शुद्ध हरपायला साधारण एक तास. म्हणजे माणूस गारठून मरण्याच्या कितीतरी आधी, हात चालत नाहीत म्हणून बुडतो. जॅकेट बुडाखाली असेल तर होडी उलटल्यावर ते एकीकडे तरंगत जातं आणि आपण दुसरीकडे. दहा मिनिटांत बोटं चालेनाशी होतात, तेव्हा ते पकडून अंगात घालून पट्टे लावणं अशक्य असतं. कॅनडात प्रत्येक माणसामागे एक जॅकेट होडीत ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. कायदा ‘होडीत’ म्हणतो, पण माझी हात जोडून विनंती आहे की ते अंगात असू द्या.

त्या रात्री मी देवबागला फोन लावला. बाबा तेव्हा होते. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी माझ्या तब्येतीचं विचारलं आणि मग पहिला प्रश्न केला, ‘‘खंय बसललंस?’’

‘‘मागे,’’ मी म्हटलं.

‘‘आणि फुडे कोण?’’

‘‘कोणच नाय.’’

फोनवर जरा वेळ शांतता. मग म्हणाले, ‘‘नाळ वर गेली म्हणजे होडी वाऱ्याची झाली, बाय. आपली रवणा नाय.’’

बाबा कर्लीच्या खाडीत आयुष्यभर एकटे गेले. त्यांची लहान होडी होती, आणि त्यांची बसायची जागा मी डोळे मिटून सांगू शकते: मध्यापासून हातभर मागे. नांगर, दोर आणि जाळं नाळेकडे. जाताना जाळं कोरडं, येताना भिजून जड झालेलं. त्याप्रमाणे ते स्वतः वीतभर मागेपुढे सरकायचे. हे मी लहानपणी शेकडो वेळा पाहिलं होतं आणि त्यात काही विद्या आहे हे मला कधी जाणवलं नव्हतं. मोठी गलबतं रिकामी परतताना तळाशी दगड-वाळू भरायची, त्याला नीरम म्हणतात, हा शब्दही घरात ऐकलेला. पण मी कॅनडातल्या होडीत बसले तेव्हा ते सगळं काठावरच ठेवून बसले.

आता मुद्द्याचं सांगते, कारण नुसतं ‘करू नका’ म्हणून भागत नाही.

कनू मध्यभागी सर्वांत रुंद असते, साधारण तीन फूट, आणि दोन्ही टोकांना निमुळती होत जाते. तिची सगळी स्थिरता त्या मधल्या रुंद पोटात आहे. एकटं माणूस टोकाशी जाऊन बसलं की निमुळता भाग खोल जातो आणि नाळ वर उचलली जाते. पुढचा अर्धा तळ पाण्याला नीट टेकतच नाही. म्हणजे आपण अरुंद टोकावर तोल सांभाळत बसलेलो असतो. तिथे जरा कूस बदलली तरी होडी डुचमळते. वजन कमी म्हणून होडी हलकी चालते हे म्हणणं मला पटत नाही ते यामुळे. हलकी खरी, पण ती वाऱ्याला हलकी, आपल्याला नाही.

वाऱ्याचं गणित आणखी वाईट आहे. मागचं टोक पाण्यात खोल रुतलेलं, म्हणजे तिथे जणू खुंटा ठोकलाय. पुढचं टोक हवेत, म्हणजे तिथे निशाण लावलंय. वारा कुठूनही येवो, तो निशाणाला ढकलणार आणि होडी खुंट्याभोवती फिरणार. आणि आपण बसलो आहोत नेमके खुंट्यावर! तिथून वल्हं मारून दूरची नाळ वाऱ्याविरुद्ध आणायची म्हणजे दाराच्या बिजागरीजवळ हात लावून दार ढकलण्यासारखं आहे. ताकद असलेला तरुणही दमतो, मग माझ्यासारखीचं काय.

म्हणून एकट्याने बसायची जागा मध्याजवळ. दोन बाकांच्या होडीत मध्यावर बाक नसतो, तिथे योक नावाची आडवी पट्टी असते, होडी डोक्यावर घेऊन जंगलातून नेताना जी खांद्यांवर बसते. मग बसायचं कुठे? इथले लोक पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत तो उपाय इतका सोपा आहे की पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला हसू आलं. होडी उलटी चालवायची. म्हणजे पुढच्या बाकावर बसायचं, पण तोंड मागच्या टोकाकडे करून. मागचं टोक आता नाळ झाली. पुढच्या माणसाला पाय पसरायला जागा लागते म्हणून पुढचा बाक मुळातच टोकापासून लांब, मध्याच्या जवळ बसवलेला असतो. मागचा बाक टोकाला चिकटलेला असतो. त्यावर तोंड फिरवून बसलं की आपण जवळजवळ दोन फूट मध्याकडे आलो.

माझ्या होडीत मी टेप लावून मोजलं आहे. मागचा बाक मध्यापासून साडेचार फुटांवर, पुढचा पावणेतीन फुटांवर. लहानपणी जत्रेत किंवा बागेत सी-सॉवर बसलेल्या कुणालाही पुढचा हिशोब जमेल. माझं वजन बासष्ट किलो. मागच्या बाकावर बसले तर बासष्ट गुणिले साडेचार, दोनशे एकोणऐंशी. हे तोलायला मध्यापासून सहा फूट पुढे जवळजवळ सत्तेचाळीस किलो ओझं ठेवावं लागेल. एवढं ओझं कोण नेतं? उलट्या तोंडाने पुढच्या बाकाला टेकून गुडघ्यांवर बसले की माझा भार मध्यापासून साधारण दोन फुटांवर येतो. बासष्ट दुणे एकशे चोवीस. आता सहा फूट पुढे वीस किलो ठेवले की एकशे वीस. होडी सपाट.

वीस किलो म्हणजे वीस लिटर पाण्याचा एक कॅन. तो तळ्यातूनच भरायचा आणि सुंभाने किंवा पट्ट्याने घट्ट बांधायचा. सुरुवातीला मी दगड ठेवायचे, आता ठेवत नाही आणि कुणालाही ठेवू देत नाही. दगड लाटेत घरंगळतो, होडीच्या तळाला मार बसतो, आणि मुख्य म्हणजे होडी पाण्याने भरली तर तो तिला खाली ओढतो. पाण्याचा कॅन पाण्यात बुडाला की त्याचं वजन उरतच नाही. शिवाय होडी खांद्यावर घ्यायची वेळ आली की बूच उघडायचं आणि ओतून द्यायचं. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, पाण्याचं नीरम, बरं सुचलं हां तुमच्या लोकांना. त्यांचं ते ‘तुमच्या लोकांना’ मला तेव्हा लागलं होतं, अजूनही आठवतं.

काही होड्यांची दोन टोकं सारखी नसतात, किंवा बाक पाठीला टेका असलेले, एकाच तोंडाने बसता येतील असे साच्यातले असतात. काहींना पुढच्या बाकाच्या मागे लगेच आडवी पट्टी येते आणि पाय अडकतात. अशा होडीत उलटं बसू नये. योकच्या मागे तळावर जाड फोम टाकून गुडघ्यांवर बसावं. भाड्याने घेताना हे काठावरच, होडी जमिनीवर असताना, बसून पाहावं. लाजू नये.

होडी सपाट आहे की नाही हे आपल्याला आतून कळत नाही. काठावरच्या माणसाला विचारणं उत्तम. पण कुणी नसेल तर मी काय करते ते सांगते, कारण हे मला कुणी शिकवलेलं नाही, माझं मलाच सापडलं आहे. बसल्यावर ओंजळभर पाणी होडीच्या तळावर टाकते. ते पाणी वाट शोधत जातं. माझ्या गुडघ्यांकडे येऊन साचलं तर मी फार मागे आहे. पुढे कॅनकडे पळालं तर नाळ जड आहे. मधोमध पसरून तिथेच थरथरत राहिलं की समजायचं, बसली. गवंडी भिंतीवर पाणसळ ठेवून बुडबुड्याकडे बघतो ना, तसं मी त्या पाण्याकडे बघते. त्यात आकाशाचा तुकडा दिसतो, वल्ह्याचे थेंब पडत राहतात आणि प्रत्येक थेंब त्याच जागी जाऊन मिळतो. सकाळच्या उन्हात ते ओंजळभर पाणी बघत बसणं हे माझ्या ह्या देशातल्या सर्वांत आवडत्या गोष्टींपैकी एक आहे.

मग वाऱ्याप्रमाणे थोडा फरक करायचा. वारा समोरून असेल तर नाळ किंचित जड असावी, म्हणजे ती वाऱ्यात तोंड खुपसून राहते. वारा पाठीवर असेल तर मागची बाजू किंचित जड, म्हणजे मागचं टोक घसरून होडी आडवी होत नाही. किंचित म्हणजे खरोखर किंचित. मी गुडघे वीतभर पुढे किंवा मागे घेते, तेवढं पुरतं. बाबा जाळ्याच्या वजनाप्रमाणे सरकायचे तेच हे. आणि सरकायचं ते बसूनच, दोन्ही हात दोन्ही काठांवर ठेवून. उभं राहायचं नाही. हे मी माझ्या नातवाला इतक्या वेळा सांगितलं आहे की तो आता माझ्याआधी बोलतो.

गुडघ्यांवर बसण्याबद्दल थोडं अधिक सांगायला हवं. आपल्या मंडळींना ते नको वाटतं आणि वय झालं की दुखतंही, मला माहीत आहे, माझं एकसष्ट चालू आहे. पण बाकावर बसलं की अंगाचा सगळा भार उंच राहतो आणि होडीशी संबंध फक्त बुडाचा. गुडघे दूर ठेवून तळाला टेकले आणि मागे बाकाला रेललं की तीन ठिकाणी होडी आपल्या अंगाला लागते. ती हलली की आपल्याला डोक्याच्या आधी मांड्यांना कळतं. आमच्या मालवणकडे रापणीच्या होडीला बाजूने उलांडी बांधलेली असते, ते लाकूड पाण्यावर टेकून होडीला आधार देतं. कनूला उलांडी नाही. गुडघे हीच तिची उलांडी.

इथे एक गैरसमज दूर करते, कारण लेखात होडी एका अंगाला कलली की उलटलीच असं म्हटलं आहे. ओंटारिओतल्या ॲल्गॉन्क्विन ह्या मोठ्या वन-उद्यानात ओमर स्ट्रिंगर नावाचे वाटाडे होऊन गेले. शांत पाण्यावर एकट्याने कनू कशी चालवावी हे पाहायचं तर त्यांचं पाहावं, असं इथले जुने लोक अजून म्हणतात. ते वल्ह्याच्या बाजूला दोन्ही गुडघे टेकवून बसत आणि होडी मुद्दाम त्या अंगावर कलती ठेवत, इतकी की काठ पाण्याच्या अगदी जवळ येई. कलली की तिची दोन्ही टोकं पाण्यातून थोडी उचलली जातात, पाण्यातली लांबी कमी होते, आणि सोळा फुटांची होडी जागच्या जागी भिंगरीसारखी फिरते. वल्हं मारणाऱ्यालाही पाणी जवळ येतं, वाकावं लागत नाही. कलती ठेवून स्थिर ठेवली तर ती स्थिरच असते. उलटते ती अचानक कलली तर, किंवा आपलं डोकं काठाच्या बाहेर गेलं तर. मी हे जुलै-ऑगस्टच्या उबदार पाण्यात, कमरेएवढ्या खोलीत शिकले, कितीतरी वेळा पडले. वारा असताना मी तसं करत नाही, आणि नवख्याने पहिल्या दिवशी करूच नये.

दिशेचं म्हणाल तर तीही मध्याजवळून उत्तम देता येते. एकाच बाजूला वल्हवत राहिलं की होडी दुसरीकडे वळते हे खरं. त्यासाठी प्रत्येक फटक्याच्या शेवटी वल्ह्याचं पातं उभं फिरवून होडीपासून जरासं बाहेर ढकलायचं, इंग्रजी ‘जे’ अक्षराचा आकार होतो. हात बसायला एक-दोन सुट्ट्या लागतात. तोवर दोन-तीन फटके या बाजूला, दोन-तीन त्या बाजूला मारले तरी काही बिघडत नाही.

आमच्या गावात लिटल लेकच्या काठावर कॅनेडियन कनू म्युझियमची नवी इमारत २०२४ च्या मे महिन्यात उघडली. सहाशेच्या वर होड्या आहेत तिथे: भूर्जाच्या सालीच्या, अखंड लाकूड कोरलेल्या, कातडं ताणून शिवलेल्या. भारतातून कुणी आलं की मी त्यांना तिथे नेते. सालीच्या त्या होड्यांपाशी उभं राहिलं की दिसतं, त्यात आपल्या अर्थाचे बाकच नाहीत. नुसत्या आडव्या पट्ट्या, आणि माणूस तळावर गुडघे टेकून, जिथे भार बसेल तिथे बसणार. अनिशिनाबे आणि इतर मूळ रहिवाशांनी ज्या होड्या घडवल्या, त्यात जागा माणसाने ठरवायची होती. दोन बाक ठोकले गेले ते नंतर, आणि बाक दिसला की आपल्याला वाटतं इथेच बसायचं असणार.

लेखात कनू लेकचं वर्णन आहे. चित्रकार टॉम थॉमसन ह्याची होडी ८ जुलै १९१७ रोजी त्याच तळ्यात उलटी तरंगताना सापडली आणि आठ दिवसांनी त्याचा देह. तो मुरलेला नावाडी होता, आणि त्याचा मृत्यू कसा झाला यावर लोक अजून वाद घालतात. त्याचा माझ्या मुद्द्याशी मी संबंध जोडत नाही. त्या काठावर उभी राहिले की मला त्याची आठवण येते, एवढंच.

हे पत्र मी आत्ताच का लिहिते आहे तेही सांगते. दर वर्षी जून लागला की टोरांटो, ब्रॅम्पटन, मिसिसागा इथे मुलांकडे राहायला आई-वडील येतात. मुलं त्यांना कौतुकाने तळ्यावर नेतात. त्यांतले बरेच जण आपला पेपर मोबाईलवर रोज सकाळी वाचतात, मीही त्यांच्यातलीच. पेपरात छापून आलंय म्हणजे ते खरं, ही आमच्या पिढीची सवय आहे. उद्या कुणी साठीतले गृहस्थ ‘मी एकटा एक चक्कर मारून येतो’ म्हणून मागच्या बाकावर बसतील. आणि आता आमच्या तारकर्ली-देवबागलाही खाडीत कयाक भाड्याने मिळतात. एकट्याच्या कयाकमध्ये बसायची जागा बनवणाऱ्यानेच मध्यावर ठरवलेली असते, तिथे हा प्रश्न येत नाही. पण दोघांच्या कयाकमध्ये एकटं माणूस मागे बसलं की नाळ तशीच वर येते आणि खाडीचा वारा तिला तसाच फिरवतो. त्यातल्या काहींना मध्ये तिसरी बसायची जागा असते, एकट्याने तिथे बसावं. मधली जागा नसेल तर एकट्यासाठी ती होडी घेऊ नये.

माझी आपल्याला विनंती अशी: येत्या रविवारी त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या चौकटीत, दुरुस्ती छापावी. माझं पत्र लांबलं आहे, सगळं छापायला जागा नसेल हे मी समजू शकते. मग पुढच्या चार ओळी तरी छापा. एकट्याने दोन बाकांच्या होडीत मागे बसू नये. पुढच्या बाकावर तोंड फिरवून किंवा मध्याजवळ गुडघ्यांवर बसावं, आणि पुढे पाण्याचा कॅन बांधावा. होडीत उभं राहू नये. लाइफ जॅकेट अंगात घालून पट्टे लावावेत.

लेखिकेला माझा नमस्कार कळवा. त्या पुन्हा ह्या बाजूला आल्या तर त्यांनी अवश्य माझ्याकडे यावं. माझी होडी गॅरेजच्या भिंतीला टांगलेली असते, कॅनही तिथेच आहे. लिटल लेकवर सकाळी सातच्या आधी सहसा वारा नसतो. त्यांना मी ती ओंजळभर पाण्याची पाणसळ दाखवीन, आणि त्यांच्या पुढच्या लेखासाठी त्यांचा एक नवा फोटो मी काठावरून काढून देईन.

आपली नम्र,
देवबागची एक माहेरवाशीण,
पीटरबरो, ओंटारिओ, कॅनडा